पिशवी रिकामी परत येत नाही

अक्का,

सांगलीच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलंत, त्याला काल तीन आठवडे झाले. त्यानंतर आपण बोललोच नाही. त्याच आठवड्यात शनिवारी तुम्ही गेलात. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं आणि त्यात शेवटचा शब्द माझा होता. जन्मात कधी कुठल्या भांडणात माझा शेवटचा शब्द झाला नव्हता. झाला तो नेमका तिथे, आणि तो शब्द होता ‘न्हाई’.

तुम्ही म्हणालात, “शालन, बुधवारच्या पिशव्या हितनं पुढं तू न्यायच्या. दारात जायचं, हातात द्यायच्या.”

“मला न्हाई जमायचं, अक्का.”

“मग बागंचं काय?”

“बाग मी संभाळीन. खुरपीन, पाणी दीन. दारात तेवढं न्हाई जायची.”

“भाजी पिकवायची आन वाफ्यातच कुजवायची व्हय?”

“न्हाई जमायचं,” मी परत म्हणाले. तुम्ही कूस बदललीत. मी तुमच्या पाठीकडे बघत बसले आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली तशी उठले.

त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. तोंडानं बोलता येत नाही म्हणून लिहिते. ही वही तुम्हीच आणली होती, बियांच्या पुड्यांवर नावं चिकटवायला. चौथी झाल्यावर माझ्या हातातलं पेन सुटलं ते सुटलंच होतं. तुम्ही पहिला शब्द लिहायला लावलात तो ‘दोडका’. तुम्ही पुडी उजेडात धरून म्हणालात, “अक्षर लय चांगलं हाय की गं. तोंडापरीस हात बोलका हाय तुजा.” वहीची मागची पानं कोरी आहेत. ती कुणी बघत नाही.

आपल्या गावाला चारी बाजूंनी ऊस. इथून पलूसला जाईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊसच, मधेमधे द्राक्षाचे मांडव. आणि एवढ्या हिरव्या गावात शुक्रवारच्या बाजारातली भाजी रविवारी संपली की निम्म्या वस्तीत चटणी-भाकरी. तुम्ही म्हणायचात, “हिरवं लय दिसतं, पर ताटात कुटं हाय?” विहिरीजवळचे पाच गुंठे तुम्ही उसातून मोकळे करून घेतलेत, तेव्हा तुमचा थोरला हसला होता. “आई, पाच गुंठ्यात काय हुणार?” “हुईल ते बघ,” एवढंच तुम्ही म्हणालात.

त्या बागेतली पहिली पिशवी घेऊन तुम्ही माझ्या दारात आलात. ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. अंगात रक्त उरलं नव्हतं. पालेभाजी द्या, म्हणून सांगितलं होतं, आणि माझी मजुरी ह्यांच्याजवळ बसून बुडालेली. मी तुमच्या उसात भांगलायला यायची, पण तुम्ही माझ्या उंबऱ्यापाशी कधी आला नव्हतात. मी पदर सावरून खाली बघत उभी राहिले.

“बागंतला पयला वानवळा हाय. धर.”

“कशाला अक्का…”

“वानवळ्याला कशाला म्हणत न्हाईत.”

खरं होतं. नव्या पिकातलं पहिलं शेजारी द्यायचं, ते आपल्या बापजाद्यांपासून चालत आलंय. त्याला कुणी नाही म्हणत नाही. तुम्ही ‘मदत’ म्हटलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी पिशवी घेतली. मेथी, चाकवत, चार वांगी. त्या रात्री ह्यांनी दीड भाकरी खाल्ली.

पण वानवळ्याची पिशवी रिकामी परत करायची नसते. चिमूटभर का होईना, त्यात काहीतरी घालून द्यायचं. घरात काही नव्हतं. अकरा दिवस ती पिशवी खुंटीला लटकत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी फळीवरचं गाडगं आठवलं. जतकडच्या माझ्या आईनं लग्नात पावट्याचं बी राखेत घालून दिलं होतं, किडू नये म्हणून. गाडगं उपडं केलं, राख सुपात पाखडली, आणि मूठभर पावटा निघाला. खणखणीत. तो पिशवीत घालून मी तुमच्या वाड्यापाशी आले आणि पिशवी कडीला अडकवून पळाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला उसातून हाक मारून नेलंत. कुंपणाकडेला सरी ओढून ठेवली होती. “लाव तुज्या हातानं,” म्हणालात. मी लावला. त्या दिवसापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर बागेत यायला लागले. पुढे हे गेले, ह्यांचे दिवस झाले, तेव्हाही चौदाव्या दिवशी मी सरळ बागेत आले. तुम्ही खुरपं पुढे केलंत.

त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आज बोलते. त्या खुरप्यानं मी जगले.

हळूहळू आम्ही सात-आठ बायका झालो. प्रत्येकीचा तास. कुणी विहिरीवर मोटर चालू करायची, कुणी पाटाचं पाणी फिरवायची. आणि तुमच्या जुन्या फिक्या पातळांच्या पिशव्या शिवल्या, सगळ्या सारख्या. बाजारानंतरचा मधला वार म्हणून बुधवार धरला. बाळंतीण, आजारी, म्हातारं माणूस, ऊसतोडीच्या खोपीतलं एखादं घर, जिथे गरज असेल तिथे पिशवी. परत आलेल्या पिशवीतून बी यायचं, कधी लसणाच्या चार पाकळ्या, कधी गुळाचा खडा. लसूण तुम्ही स्वतः खात नव्हता, पण पिशवीतून आलेला कधी टाकला नाहीत. आमच्यातल्या बायनाला द्यायचात. “पिशवीत आलंय, म्हंजे मान हाय त्येचा.”

चातुर्मासात तर मला तुमचं नवल वाटायचं. पालेभाजीला चार महिने शिवायचं नाही हा तुमचा जैनांचा नेम, आणि चारी महिने तुमच्याच बागेत पालेभाजी उसळायची. मेथीची जुडी बांधून तुम्ही नाकाशी धरायचात. बायना म्हणायची, “आवं अक्का, नेम मोडला की!” तुम्ही म्हणायचात, “खायाचा नेम हाय. वास घ्यायाला बंदी न्हाई.” यंदा चातुर्मास संपल्यावर तुम्ही पहिली मेथी खाल्लीत आणि आठवड्यात अंथरूण धरलंत. एकदाच मिळाली. पण त्या दिवशी तुम्ही भाकरीचा तुकडा शेवटपर्यंत पातेल्याला पुसून घेतला होता, ते मी बघितलंय.

आणि कडू भोपळ्याचं वर्ष! ते आठवलं की अजून एकटीच हसते. कुणाच्या तरी पिशवीतून दुधीचं बी आलं. आपण लावलं. मांडव वाकला एवढे भोपळे लागले. तीन बुधवार सगळ्या वस्तीला भोपळा गेला. पिशव्या बी घालून परत आल्या, कुणी अवाक्षर बोललं नाही. चौथ्या बुधवारी बायनानं स्वतःच्या घरी एक नेला आणि सकाळी थुंकतच बागेत आली.

“अक्का, ह्यो भोपळा हाय का कडुलिंब? आमच्या शेळीनं तोंड फिरिवलं!”

मग तुम्ही दारोदार विचारत फिरलात. सगळ्यांनी टाकला होता. कुणी उकिरड्यावर, कुणी गुरांपुढे. “वानवळ्याला नावं ठिवू न्हाईत, म्हणून गप बसलो,” एक जण म्हणाली. ते बी कुणाचं, हे बायना हुडकून काढायला निघाली होती. तुम्ही तिला दटावलंत, “दिलं त्येनं मनापासनं दिलं. बास.” तेव्हापासून प्रत्येक नव्या वेलाच्या पहिल्या फळाचं टोक कापून तुम्ही जिभेला लावायचात, मगच बाकीचं तोडायचं. आणि त्याच दिवशी मला म्हणालात, “बघितलंस? घेणारा बोलत न्हाई. पिशवी बी बोलत न्हाई. दारात जाऊन तोंड बघावं लागतं, तवा कळतं.”

मला कळलं होतं. पण दारात जायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. तुमच्या मागून पिशव्यांची पाटी डोक्यावर घेऊन यायची मी, आणि कोपऱ्यावर थांबायची. मी एकदा विचारलंही, “बायनाला का न्हाई लावत? ती गडगड बोलती.” तुम्ही नुसत्या हसलात. बायनाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, पण ते त्यामुळे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आणि जनाआजी. आपलं सगळ्यात जुनं भांडण.

वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. लेक पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. बावीस पिशव्या जायच्या, तेविसावी तिची. आणि दर बुधवारी संध्याकाळी ती तेविसावी पिशवी भाजीसकट आपल्या बागेच्या फाटकाच्या खांबाला लटकलेली असायची. तुम्ही तिच्या दारात वाद घालायचात, मी कोपऱ्यावरून ऐकायची.

“आगं जने, वानवळा हाय. न्हाई म्हणू ने.”

“न्हाई म्हणत न्हाई. पर परत काय घालू? घरात चिमूटभर बी न्हाई. रिकामी पिशवी दिऊ व्हय? तुजी तू घिऊन जा.”

मी तुम्हाला म्हणायची, “आजीपुरता तेवढा नेम सोडा की, अक्का.” तुम्ही म्हणायचात, “सोडला की ती भीक झाली. तिला कळतंय, म्हणून तर घेईना.” मी म्हणायची, “मग ती उपाशी राहू दे?” तुम्ही रागानं बघायचात. माझ्या घरात ती पिशवी अकरा दिवस लटकली होती, अक्का. आजीच्या पोटात काय होत असेल ते मला ठाऊक होतं. ज्या रिवाजानं मला ताठ ठेवलं, तोच तिच्या दाराला कडी घालत होता. तुमचंही खरं होतं आणि माझंही. म्हणून ते मिटत नव्हतं.

तुम्ही गेल्यावरचा पहिला बुधवार बुडाला. सगळं गाव तुमच्या दारात होतं. बागेत भेंडी जून झाली, मेथी फुलावर आली. ढगाळ हवा पडली आणि माझ्या आईच्या पावट्यावर मावा चढला. बारीक कीड, शेंड्यांना काळी काजळी लागल्यासारखी. आता तो पावटा सगळं कुंपण भरून असतो. त्याच्यापाशी मी उभी राहिले आणि तुमची पाठ दिसली. भिंतीकडे वळलेली.

दुसऱ्या बुधवारी सकाळी बायकांनी पिशव्या भरल्या. तेवीस. मग सगळ्या पाटीभोवती उभ्या राहिल्या. बायना म्हणाली, “मी जाऊ व्हय?” मी पाटी उचलून डोक्यावर घेतली. बायनानं पुढे होऊन फाटक उघडलं.

पहिलं घर बाळंतिणीचं. मी दारात उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज नाही. कुत्रं भुंकलं तशी तिची सासू बाहेर आली.

“कोण गं? शालन? आवाज दे की, चोरावानी काय उभी ऱ्हायलीयास!”

मी पिशवी पुढे केली. ‘वानवळा’ म्हणायचं होतं, ते आलंच नाही. त्या पिशवीचं कापड तुमच्या पिस्ता रंगाच्या पातळाचं होतं. म्हातारीनं पिशवी उघडली नाही. कापडावरून नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “पुढच्या बुधवारी येशील न्हवं?” मी मान हलवली.

चौथ्या दारात शब्द फुटला. सातव्या दारात मी हाक मारली. अकराव्या घरची बाई पिशवी घेऊन उंबऱ्यात बसली आणि घरातलं एक दुखणं मला सांगत रडली. मी काय बोलणार? उभी राहिले. डोळे पुसून ती म्हणाली, “तुला सांगितलं. तू कुटं बोलायची न्हाईस.” तेव्हा मला कळलं, अक्का, तुम्ही बायनाला का लावलं नाहीत. माझं न बोलणं मी खोड समजत होते आणि तुम्ही त्याच्यावरच बाग टेकवायला निघाला होता. हे तुम्ही मला सरळ सांगितलं असतंत तर? पण सांगितलं असतंत तरी मी खोटं समजले असते.

बावीस पिशव्या संपल्या. तेविसावी हातात. जनाआजी चुलीपुढे बसली होती. दाराशेजारी राखेचा ढीग, पावसाळ्यापासूनचा असेल.

“का आलीयास? तिकडंच टांग जा खांबाला, माजी चक्कर वाचंल.”

मी त्या ढिगाकडे बघत राहिले. ठरवून काही गेले नव्हते. फळीवरचं गाडगं आठवलं.

“आजी, पावट्यावर मावा पडलाय.”

“मग मी काय करू?”

तुम्हाला स्मशानात पोचवून अकरा दिवस झाले होते. ‘राख’ हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. आजी वैतागली. “बोल की! का तोंडात गूळ धरलायस?”

“राख पायजे.”

“काय?”

“चुलीची राख. समद्यांच्या घरात आता गॅस हाय, राख कुटं मिळत न्हाई. समद्या कुंपणाला लागंल. दोन-चार पाट्या.”

आजी माझ्याकडे खालून वर बघत राहिली. मग तिच्या दात नसलेल्या तोंडात हसू फुटलं. “भिकारीण हाईस व्हय गं? राख मागत हिंडतीयास?”

“व्हय,” मी म्हणाले. आणि अक्का, मी मान खाली घातली नव्हती.

“धर मग पिशवी.”

“पिशवी भरल्याली हाय, आजी. आदी मोकळी करा.”

तिनं पिशवीकडे बघितलं, राखेकडे बघितलं. मला वाटलं, आता हाकलते. तिनं सूप ओढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी भाजी सुपात ओतली. मेथी, वांगी, दोन मुळे. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, फडक्यानं राख गाळायला बसली. “कोळसं ऱ्हायलं तर काय कामाचं. आन कवा मारणार?”

“आत्ता जाऊन.”

“आत्ता? भर उनाची? आयनं काय शिकिवलं न्हाई व्हय? दहिवर पडल्यालं असतं तवा मारायची, सकाळचं. पान वलं असलं म्हंजे चिकटती. हात हलका पायजे. तुमा पोरींस्नी काय बी कळत न्हाई. मीच येते उद्या.”

आली. दिवस उगवायच्या आत आली, डोक्यावर राखेची पाटी घेऊन. दहिवरानं भिजलेल्या पावट्यावर फडक्यातून अशी राख झटकली की सगळं कुंपण पांढरं झालं. बायनाला दोन शिव्या दिल्या, मला चार. चार दिवसांत मावा गळून पडला. पावट्याला आता फुलं आहेत.

मी आजीला फसवलं नाही, अक्का. मावा खराच होता, राखही खरीच लागत होती. तुमचा नेम मोडला नाही. पिशवी रिकामी आली नाही. आणि आजीनं मेथी खाल्ली. एवढी वर्षं आपण दोघी भांडलो, आणि जिंकलो तर दोघी जिंकलो. तुमच्या घरी गॅस, म्हणून तुम्हाला राख सुचली नाही. माझ्या फळीवर राखेचं गाडगं होतं, तरी मला सुचली नाही. तुमच्या पाठीनं मला त्या दारात नेलं, म्हणून ढीग दिसला.

काल परत बुधवार होता. मला फाटकातून निघायला जरा उशीर झाला. पहिली सहा-सात घरं झाली असतील, तेवढ्यात वस्तीच्या त्या टोकावरून हाक आली. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी.

“ए शालन! बुधवार हाय न्हवं आज? माजी पिशवी कुटं ऱ्हायली?”

वस्तीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. आणि मी, डोक्यावर पाटी, भर रस्त्यात, तेवढ्याच मोठ्यानं ओरडले, “आले आजी! दम धरा की जरा!”

माझा आवाज एवढा आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. बायना बागेतून धावत आली, कोण ओरडलं बघायला.

तर दवाखान्यातल्या त्या माझ्या ‘न्हाई’चं उत्तर हे असं. भिंतीकडून तोंड इकडे करा, अक्का. पिशव्या नेल्या. तेवीसच्या तेवीस नेल्या, हातात दिल्या. आणि काल संध्याकाळी फाटकाच्या खांबाला काहीच लटकत नव्हतं.